राजाची एकच उडी

बाबांशी फोनवर खेळलेला पहिला डाव नऊ मिनिटांत संपला. मी हरलो. ‘मात,’ बाबा म्हणाले आणि फोन आईच्या हातात गेला. बोलणं किती झालं ते फोनच्या स्क्रीनवर दिसतं, म्हणून मला आकडा माहीत आहे. त्याआधीच्या चार वर्षांत ते माझ्याशी सगळं मिळूनही तेवढं बोलले नसतील.

मी जबलपुरात असतो. रिछाईला पुठ्ठ्याची खोकी बनवायचा एक कारखाना आहे, तिथे पिना मारायच्या मशीनवर. पायाने पट्टी दाबायची, पिन बसते, खोकं पुढे सरकवायचं, पुन्हा पट्टी दाबायची. घर यवतमाळ जिल्ह्यात. तिथल्या शाळेत बाबा शिपाई होते आणि घंटा तेच वाजवायचे. त्याच शाळेत मी नववीपर्यंत गेलो. नववीच्या वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरला माझे हात गार पडले आणि मी कोरा पेपर ठेवून उठलो. दुसऱ्या वर्षी परत तेच. त्या दुसऱ्या वेळी मी बाहेर पडलो तेव्हा बाबा घंटेपाशी उभे होते. पेपर संपायला अजून दीड तास होता. त्यांनी मला फाटकातून जाताना पाहिलं. हाक मारली नाही.

ते रागावले असते तर बरं झालं असतं असं लोक म्हणतात, मला तसं काही वाटलं नाही. नुसतं एवढंच झालं की त्यांना माझ्याशी जे बोलायचं ते ते आईला सांगायला लागले. मी समोर ताटावर बसलेला असायचो आणि ते म्हणायचे, ‘त्याले म्हना, भाजी घे.’ आई म्हणायची, ‘भाजी घे.’ मी घ्यायचो.

जबलपूरला आलो तो आईच्या माहेरच्या शेजारणीच्या बहिणीकडे. एवढ्याच ओळखीवर. त्यांना मी काकू म्हणतो. खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या गेटबाहेर त्यांचं घर आहे. काका वारल्यावर त्यांच्या जागी काकू फॅक्टरीत लागल्या, रोज स्कूटीवर जातात. मी आलो त्या दिवशी त्यांनी मागची खोली उघडून दिली आणि म्हणाल्या, ‘उभा काहून आहेस? बस नं. घरच आहे.’ मी अजूनही त्या घरात बसण्याआधी थोडा वेळ उभाच राहतो. कप दोनदा विसळतो. नळ बंद केला का ते पाहायला परत जातो. काकू बघतात, बोलत नाहीत. उशीर झाला तर माझं ताट झाकलेलं असतं, आणि पोळ्या फडक्यात गुंडाळलेल्या.

त्यांना एक मुलगी आहे, कॉलेजात जाते. आम्ही दोघं एकाच वयाचे, तरी काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘हिला ताई म्हण.’ मी ताई म्हणतो, ती मला भैया म्हणते. मराठी तिला सगळं कळतं. बोलायची वेळ आली की हिंदी.

फोनवर बुद्धिबळ खेळायचं हे आईच्या डोक्यातून आलं. बाबा रिटायर झाले होते, गुडघा धरलेला होता, आणि ज्यांच्याशी ते रोज खेळायचे ते टपालवाले काका पुण्याला मुलाकडे राहायला गेले होते. ‘पट मांडून बसतात अन् दोन्हीकडून स्वतःच खेळतात,’ आई म्हणाली. ‘मले पाह्यवत नाही. तू सांग नं फोनवरून चाली. तुले त्यायनंच तर शिकवलं.’

म्हणून रविवारी सकाळी अकराला फोन. पहिला डाव नऊ मिनिटं. दुसऱ्या रविवारी सात. मला सुचतच नव्हतं. त्यांनी ‘तुही चाल’ म्हटलं की हात गार व्हायचे आणि जे तोंडात येईल ते मी सांगून टाकायचो. दुसऱ्या डावानंतर आईने फोन घेतला, अंगणात गेली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘मजा येत नाही म्हनतात. पुढच्या रविवारी बसतील का नाही, मी काही सांगत नाही.’

मी ‘बरं’ म्हणालो. मग जेवलो. कढी होती.

त्याच आठवड्यात ताईचं एका गेममध्ये अडलं. लॅपटॉपवरचा गेम, तलवार घेऊन हिंडायचा. डोंगर, दरोडेखोर, घोडे, मधेच पाऊस. काकूंना तो आवडत नाही, मारामारी फार म्हणून. एका किल्ल्याच्या तळघरात ताई तीन दिवस अडकली होती. तिथली फरशी काळ्या-पांढऱ्या चौकटींची, आणि वर दगडी पुतळे उभे: राजा, वजीर, हत्ती, सगळे. दोन चालींत समोरच्या राजाला मात द्यायची, तरच दार उघडणार.

‘भैया, आपको आती है ना शतरंज?’

मी अर्धा तास उभ्यानेच बघितलं. मग सांगितलं की हे होऊच शकत नाही.

‘क्यों नहीं होगा?’

‘या राजाला अजून शह बसलेला नाही. म्हणजे त्याची उडी शिल्लक आहे. तो इथून उडून जाईल.’

‘कौन उड़ेगा?’

‘राजा. एकदा उडतो. घोड्यासारखा.’

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. ‘मम्मी, सुनो! भैया का राजा उड़ता है!’

बाबांनी मला तसंच शिकवलं होतं. प्यादं एकच घर चालतं, आणि राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी मारता येते, पण त्याला तोवर एकदाही शह बसलेला नसला तरच. आमच्या गावात सगळे असंच खेळतात. जगात आता असं कोणी खेळत नाही हे मला त्या दिवशी कळलं. ताईने तिच्या पद्धतीने दोन मिनिटांत मात दिली आणि दगडी दार घरंगळत बाजूला झालं.

मला वाईट वाटलं असेल असं समजून तिने नंतर मला आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच गेममध्ये एक सराय आहे, वाटसरूंनी उतरायची. खाली लोक दारू पितात, भांडतात. वर माळ्यावर पिंपांच्या मागे एक म्हातारा पट मांडून बसलेला असतो. गेम पुरा करायला त्याच्याकडे जायची गरज नाही, त्यामुळे कोणी जात नाही. ताई दरोडेखोरांपासून लपायला वर गेली होती तेव्हा तिला तो सापडला. त्याच्यासमोर बसलं की पट मोठा होतो आणि तो खेळतो. चांगला खेळतो. डाव अर्धा सोडून उठलं तरी पट तसाच राहतो.

मी विचारलं, ‘किती वेळ लागतो एका डावाला?’

‘इससे? घंटों, भैया. मैं तो कभी जीती नहीं.’

मग मी तिला विचारलं. विचारायला मला दोन दिवस लागले. रविवारी अकरा वाजता तासभर लॅपटॉप मिळेल का, आणि कशाला हवा तेही सांगितलं. ती या वेळी हसली नाही. गेममध्ये तिने माझे डाव साठवायला वेगळी जागा केली आणि तिला नाव दिलं ‘भैया’.

पद्धत अशी. बाबा त्यांची चाल सांगणार, ‘राजाच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर.’ ती चाल मी म्हाताऱ्यासमोर खेळायची. म्हातारा जी चाल करेल ती मी माझी म्हणून बाबांना सांगायची. मधे मी नुसता पट्टी दाबणारा. ते काम मला येतं.

म्हाताऱ्याचं पहिलंच प्यादं दोन घरं चाललं. मी सांगितलं.

‘दोन?’ बाबा म्हणाले.

‘इकडे पहिल्यांदा दोन चालतं.’

‘तिकडं सगळ्यायलेच घाई,’ बाबा म्हणाले. ‘चालू दे.’

हे त्यांनी आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. मी फोन कानापासून दूर करून पाहिला, पुन्हा कानाला लावला.

म्हातारा विचार करायला वेळ घेतो. त्या वेळात मला घर ऐकू यायचं. बाबांचा खोकला. पंख्याचं एक पातं कुठेतरी घासतं ते. आई कोणाला तरी ‘सांभाळून’ म्हणते. बाबांनी चहाचा घोट घेण्याआधी फुंकर ऐकू यायची. चाली सोडून आम्ही काही बोललो असं नाही, पण ते मधून मधून टोमणे मारायचे, टपालवाल्या काकांना मारायचे तसे. ‘झोपला का रे?’ ‘हत्ती काय धुवून वाळत घातला का?’ एकदा त्यांनी विचारलं, ‘हा टकटक आवाज कायचा होय?’

ताईच्या लॅपटॉपची बटणं. मी म्हणालो, ‘काकू लसूण ठेचून राहिल्या.’

काकू तेव्हा सोफ्यावर पेपर वाचत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि खलबत्त्यात खरोखरच लसूण ठेचायला लागल्या. पुढच्या रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना त्या आपणहून खलबत्ता घेऊन बसल्या. त्या महिन्यात आमच्या घरी सगळ्याच भाज्यांत लसूण असायची. ताई म्हणाली, ‘मम्मी, कॉलेज में मेरे पास कोई बैठता नहीं.’

तो डाव पाच रविवार चालला. दर वेळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. म्हाताऱ्याने सुरुवातीलाच एक शह दिला होता, त्यामुळे बाबांच्या राजाची उडी गेली होती आणि मला ती काळजी उरली नव्हती. पाचव्या रविवारी म्हातारा जिंकला. मी ‘मात’ म्हणालो. बाबांनी मोहरे गोळा केल्याचा आवाज आला. मग फोनपासून तोंड बाजूला करून, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं आईला म्हणाले, ‘याचं डोकं तर चांगलं चालते. गनिताले काय झालं होतं मंग?’

आई काय बोलली ते ऐकू आलं नाही. नंतर बाबा फोनवर आले आणि म्हणाले, ‘पुन्हा मांड.’

त्या दुपारी काकूंनी खोव्याची जिलेबी आणली. बाबा हरले म्हणून की डाव पुरा झाला म्हणून, ते काही बोलल्या नाहीत. मी दोन खाल्ल्या. गोड होत्या. मला खरं सांगायला हवं होतं, हे मला तेव्हा कळत होतं. पण खरं सांगितलं तर बाबा पट गुंडाळणार, आणि मग पुन्हा ‘त्याले म्हना’. मी बोटं धुतली, आणि नळ बंद केला का ते दोनदा पाहिलं.

दुसऱ्या डावात म्हाताऱ्याने शह दिलाच नाही. त्याऐवजी सातव्या की आठव्या चालीला किल्लेकोट केला. राजा दोन घरं सरकला आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे.

मी सांगितलं तसे बाबा म्हणाले, ‘एका चालीत दोन मोहरे? हे कोणत्या गावचं होय?’

‘इकडे चालतं, बाबा. एकदाच.’

‘अच्छा. एकदाच.’ त्यांनी फुंकर मारून चहा प्यायला. ‘तुहा राजा हत्तीच्या आड लपला तर चालते. मंग माहा राजा उडी मारंल. एकदाच. कबूल?’

ताईने ओठांवर हात ठेवला. मी म्हणालो, ‘कबूल.’

त्यानंतरचे तीन रविवार मी दर चालीला शहाची वाट पाहिली. मशीनवर पिना मारतानाही तेच. एक शह, कसलाही, साध्या घोड्याचा. म्हातारा देईना. तो सावकाश बाबांच्या राजाच्या आजूबाजूची घरं बंद करत होता. ताई म्हणाली, ‘देखना, ये सीधा मात ही देगा.’

चौथ्या रविवारी सकाळी पट पाहिला तेव्हा मलाही दिसत होतं. पुढच्या चालीला मात. बाबांना वाचायला एकही चाल नव्हती. म्हणजे एक होती.

त्यांनी फार वेळ लावला नाही. ‘राजा,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मी कितीतरी वर्षांनी हसू ऐकलं. ‘वजिराच्या बाजूनं दोन घरं, पुढं एक. घे. आता पकड.’

मी बटणं दाबून बाबांचा राजा त्या घरात न्यायचा प्रयत्न केला. म्हाताऱ्याने मान हलवली. ठक असा आवाज येतो तेव्हा. पुन्हा केलं. पुन्हा ठक. ताईने माझ्या हातून घेऊन करून पाहिलं. ‘नहीं मानेगा, भैया,’ ती कानात म्हणाली.

‘तुही चाल,’ बाबा म्हणाले.

स्वयंपाकघरात खलबत्ता चालू होता. माझे हात गार पडले. ताई उठली, आरशाकडे गेली आणि तिथे चिकटवलेली तिची एक लाल टिकली काढून आणली. ती तिने लॅपटॉपच्या काचेवर लावली, बरोबर त्या घरावर जिथे बाबांचा राजा आता उभा होता. खाली म्हाताऱ्याच्या पटावर राजा जुन्याच जागी, वर टिकलीचा राजा नव्या जागी. मग ती काकूंच्या काळ्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवलं. बाबांचे मोहरे लाल, माझे काळे. मी समजलो. आता म्हातारा नव्हता.

मी पहिली चाल सांगितली. ताईने काळी टिकली लावली. बाबांनी उत्तर दिलं, लाल टिकली. तिसऱ्या चालीला माझा हत्ती गेला. बाबा म्हणाले, ‘हं?’ चौथ्या चालीला मी वजीर अशा घरात नेला की समोरचं साधं प्यादंही त्याला मारू शकत होतं. तोंडातून शब्द गेल्यावर मला ते दिसलं. तिकडे पंख्याचं पातं घासत होतं.

‘काहून असा खेळून राहिला?’ बाबा म्हणाले.

मी टिकल्यांचं पाकीट बंद केलं, पुन्हा उघडलं.

‘तुले बरं नाही का?’

काकूंचा खलबत्ता थांबला.

‘ताप हाय का अंगात?’

‘थोडा,’ मी म्हणालो.

‘कवापासून?’

‘कालपासून.’

‘डाक्टरले दाखवलं का?’

‘काकू आहेत इथे.’

‘जेवला का काही?’

‘भात खाल्ला.’

‘नुसता भात काहून? वरण नाही घेतलं?’

‘वरणभात,’ मी म्हणालो.

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘वजीर राहू दे तिथंच. मी मारत नाही. बरा हो, मंग पाहू.’ त्यांनी फोन आईकडे दिला नाही. स्वतःच बंद केला, आणि त्यांना ते नीट येत नसल्यामुळे थोडा वेळ मला बटणं शोधल्याचे आवाज ऐकू येत राहिले.

काकू बाहेर आल्या. त्यांच्या हाताला लसणाचा वास होता. तो हात त्यांनी माझ्या कपाळावर ठेवला, उलटा, सुलटा. ‘ताप तर नाही आहे,’ म्हणाल्या. मी नाही म्हणालो. त्या आत गेल्या आणि दुपारच्या जेवणात त्यांनी वरण केलं, ते त्या दिवशी करणार नव्हत्या.

मला रडू वगैरे आलं नाही. सोमवारी कामावर गेलो, खोक्यांना पिना मारल्या. ताईने आठवडाभर टिकल्या काढल्या नाहीत. तसाच लॅपटॉप घेऊन ती कॉलेजला गेली आणि कोणी विचारलं तर सांगितलं, ‘पेंडिंग है.’ दोन टिकल्या उन्हाने सुटल्या, त्या तिने परत त्याच घरांवर लावल्या. माझ्याशी ती त्याबद्दल बोलली नाही. बुधवारी एकदा फक्त म्हणाली, ‘संडे को बता दोगे क्या अंकल को?’ मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. सांगायचं वाक्य मी मशीनवर बसून पुष्कळदा जुळवलं होतं. ‘बाबा, तो मी नव्हतो.’ तेवढंच होतं, पण पुढे ते काय म्हणतील ते मला जुळवता येईना.

रविवारी अकराला फोन लावला. नेहमी आई उचलते. या वेळी बाबांनी उचलला.

‘उतरला का ताप?’

समोर काचेवर टिकल्या होत्या. माझा वजीर त्या घरात तसाच, मारायला मोकळा. ताई माझ्याकडे बघत होती.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘अजून थोडा आहे.’

‘मंग खेळू नको आज. पट मी हलवत नाही, तुही आई झाडतानाही हात लावत नाही त्याले. काय खाऊन राहिला तिकडं? सांग.’

मी सांगायला लागलो. खिचडी, म्हणालो. मुगाची. काकू करतात. सोबत पापड. काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून बत्ता वर करून मला खुणेने विचारलं, ठेचू का म्हणून. मी मानेने नको म्हणालो.